रकान्यातलं अक्षर

मराठा आरक्षणाचा मोर्चा मुंबईकडे निघाला आणि त्याचा एक मुक्काम आमच्याजवळच्या घाऊक मार्केटात ठरला, तेव्हा आमच्या सोसायटीत प्रत्येक घराला पन्नास भाकऱ्या लावून दिल्या. सोबत ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी. भाकऱ्या गोळा करून टेम्पोत भरायचं काम माझ्याकडे होतं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पण त्या दिवशी सुट्टी टाकली होती.

आमची सोसायटी कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला अगदी खेटून. राहणारे बहुतेक सातारा भागातले. मार्केटात गोणी वाहणाऱ्यांनी पै-पै साठवून घेतलेली घरं. माझ्या वडिलांनीही तीस-पस्तीस वर्षं कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर हमाली केली. त्यामुळे मोर्चा येणार म्हटल्यावर ते सकाळपासून नवा सदरा घालून बसले होते. आईचा तवा पहाटेपासून उतरला नव्हता.

पहिल्या मजल्यावरचे काका-काकूही आमच्याच जिल्ह्यातले. काका बौद्ध. त्यांचे वडीलही मार्केटात हमालच होते, पण काका शिकले आणि सरकारी दफ्तरखान्यात नोकरीला लागले. जुने कागद लावणं, वाचणं हे त्यांचं काम. आता रिटायर झालेत. मी दहावीला असताना काकूंनी माझं गणित सुधारलं होतं. त्यांच्या हॉलमध्ये निळ्या कोटातला मोठा फोटो आहे, त्याखाली टेबल, आणि त्या टेबलावर मी वर्षभर बीजगणित सोडवलं.

त्या एका घराला मात्र कुणी भाकऱ्या सांगितल्या नव्हत्या. तरी काकू दुपारी स्वतः खाली आल्या. पांढऱ्या कपड्यात बांधलेलं गाठोडं माझ्या हातात देत म्हणाल्या, "मोजून पन्नास आहेत. बाजरीच्या आहेत, चालतील ना?"

"चालतील की," मी म्हणाले.

काकू वर गेल्या. सगळी व्यवस्था बघणाऱ्या मावशी, म्हणजे आमच्या सेक्रेटरींच्या बायको, माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते गाठोडं जरा बाजूला ठेव."

"का?"

"अगं, माणसं लांबून लांबून आलीत. कोण काय मानत असेल, आपल्याला काय माहीत? उगाच विषय नको."

त्या रागाने बोलल्या नाहीत. भाजी जरा खारट झालीय, वाढू नकोस, असं सांगावं तसं सांगितलं. मी गाठोडं हातात धरून उभी राहिले. टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी ते गाठोडं क्रेटमध्ये टाकलं असतं तर कुणी काढून बाहेर ठेवलं नसतं, मावशीसुद्धा गप्प बसल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. पण टेम्पो निघाला, वळला, आणि गाठोडं माझ्या हातातच राहिलं.

मी ते घरी घेऊन आले. आईने विचारलं, मी सांगितलं. तिने गाठोडं सोडून बघितलं. मग म्हणाली, "आता टाकायच्या कशा? अन्न आहे." रात्री आम्ही त्याच भाकऱ्या खाल्ल्या. वडिलांना कुणाच्या आहेत ते माहीत होतं. त्यांनी तीन खाल्ल्या, वर म्हणाले, "बाजरीची भाकरी अशी आता कुणाला जमत न्हाई."

मी म्हटलं, "मग मोर्चाला का नाही चालल्या?"

"मी कुठं म्हणलं न्हाई चालत?" वडील म्हणाले. "लोकांचं असतंय."

उरलेल्या भाकऱ्या आम्ही दोन दिवस दुधात कुस्करून खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी मी तो कपडा धुऊन, घडी घालून काकूंना द्यायला गेले. काकूंनी विचारलं, "पोचल्या का गं?"

मी म्हणाले, "हो, पोचल्या."

मला अजूनही सांगता येत नाही की मी खोटं कुणासाठी बोलले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, की मला.

*

त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या सोसायटीला कागदांचं वेड लागलं. ज्यांच्या जुन्या नोंदीत कुणबी लिहिलेलं सापडेल त्यांना ओबीसीचा दाखला मिळणार होता. जो तो गावाकडच्या चुलत्याला फोन करत होता. जन्ममृत्यूच्या रजिस्टरच्या झेरॉक्स येऊ लागल्या, पण त्या मोडीत. एकालाही वाचता येईना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पहिल्या मजल्यावरच्या काकांना मोडी येते.

आमच्याकडे गरज होती ती माझ्या धाकट्या भावाला. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. दोनदा थोडक्यात हुकलं होतं आणि वयाची मर्यादा संपत आली होती. दाखला मिळाला तर वयाच्या सवलतीमुळे त्याला आणखी काही वर्षं मिळणार होती. रोज पहाटे तो बोनकोड्यातल्या एका मित्राबरोबर पाम बीचच्या बाजूला धावायला जायचा. मित्र आगरी, म्हणजे आधीपासूनच ओबीसी, आणि इथलाच. त्याच्या आजोबांची शेती शहरासाठी गेली आणि आता त्यांची दोन मजली चाळ आहे, भाडेकरू आहेत. दोघं शाळेपासून एकत्र.

वडिलांना कुणबी व्हायचं होतं याची मला मात्र सवय होत नव्हती. कारण बारा वर्षांपूर्वी माझ्या लॅबमधल्या एका मुलाने मला मागणी घातली होती. चिपळूणकडचा, शांत, नीटनेटका. मला तो आवडायचा, एवढंच म्हणते. वडिलांनी चौकशी केली आणि एका वाक्यात विषय संपवला: "ते कुणबी हाईत. आपण शहाण्णव कुळी." मी भांडले नाही. तेव्हा मला ते वाक्य, आवडलं नसलं तरी, निदान कळलं होतं. पुढे माझं लग्न झालं नाही, त्याला ते एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण आता तेच वडील जेवताना म्हणायचे, "अरे आपण मूळचे कुणबीच. नांगर धरणारा तो कुणबी." आणि मी ताटाकडे बघत बसायचे. ते तेव्हा खोटं बोलत होते की आता, हे विचारायचं धाडस झालं नाही. कदाचित दोन्ही वेळेला ते खरंच बोलत असतील.

गावाहून आमची झेरॉक्स आली. पणजोबांच्या घरी मूल जन्मल्याची नोंद, म्हणजे माझ्या आजोबांची. रविवारी सकाळी वडील मला घेऊन काकांकडे गेले. तिथे आधीच दोन घरची माणसं बसली होती. काका टेबलाशी भिंग घेऊन बसले होते, बाजूला वही. काकू सगळ्यांना चहा देत होत्या. त्यातलं एक घर सेक्रेटरींचं, त्यांच्याबरोबर मावशीही. मावशींनी कप घेतला, फुंकर घालून चहा प्यायला, साखर बरोबर झालीय म्हणाल्या.

काकांनी सेक्रेटरींचा कागद वाचला. "इथे स्पष्ट आहे. कुणबी." दुसऱ्या घरचाही तसाच निघाला. लोक एकमेकांचे हात हातात घेऊ लागले. काका दर वेळी ओळीखाली बोट धरून, अक्षर लावून दाखवायचे आणि वहीत बाळबोधीत, म्हणजे साध्या देवनागरीत, उतरवून द्यायचे.

आमचा कागद आला. काकांनी बराच वेळ बघितला. खिडकीकडे नेऊन बघितला.

"दादा, इथे जातीच्या रकान्यात एकच अक्षर आहे. म. आणि पुढे टिंब. म्हणजे मराठा."

"नीट बघा साहेब," वडील म्हणाले.

"तीनदा बघितलं."

"पुसट आलंय. कु आसंल."

"नाही दादा. कु असा नसतो."

वडिलांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "ह्यांचा बरा कु वाचता आला. आमचाच म कसा?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. "मी फक्त वाचतोय. लिहिलेलं माझं नाही."

वडिलांनी कागद उचलला आणि चहा तसाच ठेवून निघाले. मी त्यांच्या मागे. जिन्यात ते मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "त्यांना कशाला बघवंल आपल्याला मिळाल्यालं?"

"बाबा, त्यांनी दोन घरांना काढून दिलं ना आत्ताच," मी म्हणाले.

"मग आमच्यावरच राग का?"

आम्ही वर आलो. घरी भाऊ सगळं ऐकून हसायला लागला. "म्हणजे आपण मराठा निघालो म्हणून सुतक पाळायचं का आता?" मग त्याचं हसू गेलं आणि तो बूट घालून बाहेर पडला. त्या दिवशी तो ऊन असताना धावला.

*

मला झोप लागेना असं नाही, पण काम करताना ते अक्षर डोळ्यांसमोर यायचं. चार-पाच दिवसांनी लॅबमधून येताना मी सरळ काकांच्या दारात गेले. झेरॉक्सचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता.

"काका, मला दाखवता का? तो म."

त्यांनी फोटो मोठा केला. वहीत एक कु काढला, एक म काढला, आणि फोटोतलं अक्षर बघायला सांगितलं. मी बघितलं. मला ते म वाटलं. पुन्हा बघितलं तर शेपटी जरा वळलेली वाटली आणि कु वाटला. स्लाईडवरच्या पेशी मी दिवसभर ओळखते, पण त्या एका अक्षराचं मला काही ठरवता येईना.

"मला कळत नाही," मी म्हणाले.

"वेळ लागतो. मला चार वर्षं लागली." मग त्यांनी पान खाली सरकवलं. "हे बघ. त्याच पानावर खाली आणखी एक म आहे."

"तोही मराठा?"

"नाही. तो महार. कारकून घाईत असला की दोघांनाही म लिहायचा. इथे नावापुढे 'नाक' लागलंय, म्हणून कळतं. आमच्या माणसांच्या नावापुढे तेव्हा नाक लावायचे."

मी दोन्ही अक्षरं बघत राहिले. एकाच हाताने, एकाच शाईत काढलेली. काकांनी ते काही मोठं गुपित म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांच्या कामातली एक अडचण म्हणून सांगितलं होतं.

काकू आतून आल्या आणि समोर बसल्या. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "काकू, त्या दिवशीच्या भाकऱ्या मोर्चात गेल्या नाहीत. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "मी गॅलरीत होते. टेम्पो गेला तेव्हा गाठोडं तुझ्या हातात होतं."

"मग तुम्ही मला का विचारलं?"

"तू काय सांगतेस ते ऐकायचं होतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सांगितलं की भाकऱ्या आम्ही घरी खाल्ल्या, बाबांना फार आवडल्या. सांगता सांगता मलाच कळेना की यामुळे गोष्ट बरी होतेय की अधिक वाईट. काकू म्हणाल्या, "खाल्ल्या ना? मग झालं." पण त्यांनी मान दुसरीकडे वळवली, आणि विषय संपलेला नव्हता हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

मी काकांना विचारलं, "तुम्ही लोकांचे कागद कशाला वाचून देता?"

"माझी मुलगी पण हेच विचारते," काका म्हणाले. त्यांची मुलगी पुण्याला वकील आहे. "फोनवर भांडते. म्हणते, ह्याच लोकांनी कॉलेजात मला कॅटेगरीवाली म्हणून हिणवलं, आणि तुम्ही त्यांना कॅटेगरी शोधून देताय. तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही."

"मग?"

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. "कागद पुढे आला की मला वाचावासा वाटतो. सवय आहे. आणि वाचला की जे आहे तेच सांगावं लागतं. याच्यापुढचं मलाही नीट सांगता येत नाही."

*

दोन महिन्यांनी चुलत्याने दुसरा कागद शोधला. माझ्या आजोबांच्या सख्ख्या भावाचा, गावच्या शाळेच्या रजिस्टरमधला. हा मोडीत नव्हता. स्वच्छ बाळबोधीत लिहिलं होतं: कुणबी. कुणाला विचारायची गरज पडली नाही. त्या आधारावर भावाला दाखला मिळाला, पुढे पडताळणीही झाली.

वडिलांनी सोसायटीत पेढे वाटले. काकांकडे जायला ते तयार नव्हते, मला पाठवत होते. मी नाही म्हटल्यावर स्वतः गेले. मी मागे उभी होते.

"बघा साहेब," वडील म्हणाले, "शेवटी कुणबीच निघालो. तुम्ही म वाचला होता."

काकांनी पेढा घेतला. "तो म होताच दादा. हा वेगळा कागद आहे."

"एका घरात दोन जाती कशा असतील?"

"लिहिणारे दोन होते."

वडील हसले, त्यांना ते विनोदासारखं वाटलं असावं. काकाही थोडे हसले. दोघं दारात उभे राहून पाच मिनिटं गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलले. माफीचा विषय निघाला नाही. वर आल्यावर वडील मला म्हणाले, "माणूस वाईट न्हाई. त्या दिशी नजर चुकली असंल."

मी सांगायचा प्रयत्न केला की नजर चुकली नव्हती, दोन्ही कागद खरे आहेत, एका भावापुढे एक लिहिलंय आणि दुसऱ्यापुढे दुसरं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू लय विचार करतीस."

भरतीची यादी लागली तेव्हा भावाचं नाव ओबीसीच्या यादीत होतं. आई देवासमोर बसून रडली. त्याने खरंच मेहनत केली होती, तळपायाची सालं निघेपर्यंत धावला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मलाही खूप आनंद झाला, तो खोटा नव्हता. काका फुलं घेऊन आले, भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चांगलं काम कर." वडिलांनी त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं.

बोनकोड्यातला मित्रही त्याच यादीसाठी धावला होता. त्याचं नाव नव्हतं, तो प्रतीक्षा यादीत खाली कुठेतरी होता. भावाच्या जागेमुळेच त्याची जागा गेली असं गणित मांडता येत नाही, मधे आणखी बरीच नावं होती. भावाने मला ते दोन-तीनदा समजावून सांगितलं, मी विचारलं नसताना. मित्र अभिनंदनाचा मेसेज पाठवून गप्प झाला होता. त्याच्या आधीच, दाखला मिळाल्याच्या आठवड्यापासून, तो पहाटे वेगळ्या वेळी जायला लागला होता.

भाऊ ट्रेनिंगला गेल्यावर एका संध्याकाळी मी बोनकोड्यातून येत होते. मित्राची आई घराच्या ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती. माझ्या भावाने शाळेत असताना त्या ओट्यावर किती वेळा जेवण केलंय, याची मोजदाद नाही. मला बघून तिने हाक मारली.

"ये गं बाय. भावाचा झाला ना?"

"हो मावशी. ट्रेनिंगला गेला."

"बरा झाला. पोरगा मेनती हाय." तिने बाजूचा पाट माझ्याकडे सरकवला. मी बसले. ती पुन्हा कोलंबी सोलू लागली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, निदान मला जाणवला नाही.

मग मान वर न करता म्हणाली, "एक इचारू? आमचा पोरगा इचारतो, मना सांगता येत नाय. तुमी लोकं आदी कोन होते?"

मी तोंड उघडलं. वडिलांचं शहाण्णव कुळी आठवलं, नांगर धरणारा आठवला, एकाच पानावरचे दोन म आठवले. ती वाट बघत होती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मावशी, मला माहीत नाही," मी म्हणाले.

"असा कसा?" ती म्हणाली. "शिकलेली ना तू?"

मी टोपलीतली मूठभर कोलंबी पुढ्यात ओढली आणि तिच्याबरोबर सोलायला लागले. अंधार पडून ओट्यावरचा दिवा लागेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो होतो. तिने परत विचारलं नाही.